जिम लावण्याआधी: सोलापुरात पैसे भरण्यापूर्वी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

जिम लावताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी ऑफर दिसते, मग पैसे जातात, मग जिम नीट बघितली जाते आणि सगळ्यात शेवटी लक्षात येतं की आपल्याला यायला जमणार कधी, हे ठरवलेलंच नाही. मीही हेच केलं होतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वर्षाचे ९,००० रुपये रोख दिले. पावती मागितली तर "वहीत नाव घेतलंय की, काळजी कशाला" असं उत्तर मिळालं. मार्चमध्ये एका सकाळी गेलो तर शटरला कुलूप. खालच्या चहावाल्यानं सांगितलं, मशिनी दोन दिवसांपूर्वीच टेम्पोत भरून गेल्या.

त्यानंतर ओळखीपाळखीचे लोक जिम बघायला जाताना मला सोबत नेतात. त्यांच्या त्याच त्या चुका बघून हा क्रम लिहिलाय. यात पैसे सहाव्या टप्प्यावर येतात. त्याआधी, ट्रायलपुरते सोडले तर, खिशाला हात लावायचा नाही.

टप्पा १: आधी स्वतःचं ठरवा

एक कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा.

वेळ. "उद्यापासून पाचला उठणार" हे लिहू नका. गेल्या दोन आठवड्यांत खरोखर किती वाजता उठलात, कामावरून घरी किती वाजता पोचलात, ते लिहा. एमआयडीसीत शिफ्ट बदलत असेल तर प्रत्येक शिफ्टची वेळ वेगळी मांडा. जी जिम दहाला बंद होऊन चारला उघडते, ती दुपारी मोकळ्या असणाऱ्या माणसाच्या काहीच कामाची नाही, मग तिथे मशिनी कितीही नव्या असोत.

हेतू. वजन उतरवायचं, ताकद वाढवायची, साखर आटोक्यात ठेवायची की भरतीची तयारी? पोलीस भरतीच्या पोरांना मी स्पष्टच सांगतो: मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. त्याला आधी मैदान लागतं, मग जिम. वर्षाची फी भरून ट्रेडमिलवर पळणारी आणि मैदानात पहिल्याच फेरीत धापा टाकणारी पोरं पाहिलीत.

आठवड्यातले दिवस. मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा. म्हणजे तीन-चार दिवस नियमित जमले तरी पुष्कळ. "आमची जिम रविवारीही चालू" या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

*इशारा:* छातीत दुखणं, जिना चढताना भोवळ, ब्लड प्रेशर, डायबेटिस, जुनं ऑपरेशन किंवा घरात कमी वयात हार्ट अटॅकचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर अचानक उतरू शकते. गोळीची आणि जेवणाची वेळ डॉक्टरांकडून बसवून घ्या. हे काम ट्रेनरचं नाही.

टप्पा २: यादी करा, पण गाडीवर बसून

नकाशावरचं अंतर सोडून द्या. ज्या वेळेला जाणार आहात, त्याच वेळेला, जिथून निघणार आहात तिथूनच गाडी काढा आणि मिनिटं मोजा. घरून निघणार की कामावरून, यानेच उत्तर बदलतं. जुळे सोलापुरात राहणारा आणि नवी पेठेत दुकान सांभाळणारा माणूस घराजवळची जिम लावतो. रात्री साडेनऊला घरी पोचून जेवणाचं ताट समोर आलं की परत बाहेर पडत नाही. त्याला दुकान आणि घराच्या वाटेवरची जिम हवी.

पंधरा मिनिटांपेक्षा लांब असेल तर यादीतून काढा. इतका नियम मला पुरेसा वाटतो. फक्त एक जोड: पार्क चौक, होम मैदानाच्या आसपासची जिम असेल तर जानेवारी लक्षात घ्या. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत संध्याकाळी तिकडे गाडी नेणं आणि लावणं हाच वेगळा व्यायाम होतो.

यादीत तीन नावं राहिली की थांबा. सात-आठ जिमा बघत फिरणारा माणूस शेवटी कुठेच जात नाही.

टप्पा ३: स्वतःच्या वेळेला जाऊन बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

लोक रविवारी दुपारी जिम बघायला जातात. मालक निवांत असतो, एसी जोरात, सगळ्या मशिनी रिकाम्या. मग सोमवारी संध्याकाळी सातला गेलं की एका बेंचमागे तिघं उभे. म्हणून फोन न करता जा आणि सोमवारी किंवा मंगळवारी, तुमच्याच वेळेला जा. "फक्त बघायचंय" म्हणा आणि वीस मिनिटं कोपऱ्यात उभे राहा. ऑफरच्या गर्दीत, म्हणजे एक जानेवारी किंवा पाडव्याच्या आठवड्यात बघू नका. तेव्हाची गर्दी खरी नसते आणि मालकाला बोलायलाही सवड नसते.

*गर्दी मोजा.* तुम्हाला लागणाऱ्या दोन-तीन गोष्टी ठरवा, उदाहरणार्थ स्क्वॉट रॅक, केबल मशीन, ट्रेडमिल. वीस मिनिटांत त्या किती वेळ रिकाम्या होत्या ते बघा. मागच्या महिन्यात एका मित्रासोबत गेलो तेव्हा एकमेव बेंचवर एक दादा बसून रील बघत होते. आम्ही घड्याळ लावलं. अकरा मिनिटांत त्यांचे दोन सेट झाले. ट्रेनर दोनदा बाजूनं गेला, काही बोलला नाही. मित्रानं तिथूनच यादीतलं नाव खोडलं आणि ते बरोबरच होतं. दादा कुठेही भेटतात. त्यांना उठवणारं कुणी आहे का, हे बघायचं असतं.

*हवा आणि ऊन.* आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. गच्चीवर पत्रे टाकून केलेल्या जिममध्ये दिवसभर तापलेला पत्रा रात्री आठपर्यंत उष्णता सोडत राहतो. हिवाळ्यात जिम बघत असाल तर वर मान करून छत बघा: स्लॅब आहे की पत्रा? मग जुन्या मेंबरला, मालकाला नव्हे, विचारा, "उन्हाळ्यात कसं असतं?" एसी असेल तर तो कोणत्या वेळेला लावतात तेही विचारा. बोर्डावर एसी आणि भिंतीवर फक्त पंखा, असंही असतं.

*पाणी.* नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको. जिमची टाकी केवढी, पाणी नसलं की टँकर मागवतात की संडासाला कुलूप लावतात? स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा आणि नळ सोडून बघा. पिण्याचं पाणी जारचं असेल तर जार झाकलेला आहे का, तेही बघा.

*मशिनी हात लावून तपासा.* रंग आणि ब्रँड बघून काही कळत नाही. पाच गोष्टी पुरतात.

१. केबल: पुलीजवळ जिथे केबल वळते तिथे वरचं प्लास्टिक फाटलंय का बघा. मागावर धागे तुटून टोकं बाहेर निघतात तशा आतल्या तारा बाहेर आल्या असतील, तर ती केबल कधीही तुटेल.

२. ट्रेडमिल: लाल सेफ्टी चावी ओढली की पट्टा थांबला पाहिजे. कित्येक ठिकाणी चावी हरवलेली असते आणि तिच्या जागी एक लोहचुंबक कायमचा चिकटवून ठेवतात. म्हणजे पाय घसरला तरी पट्टा पळतच राहणार. चारच्या वेगावर चालून बघा, पावलाखाली पट्टा अडखळायला नको.

३. वजनांची पिन: मूळ पिनऐवजी खिळा किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसलेला असेल तर देखभालीबद्दल वेगळं काही विचारायची गरज नाही.

४. डंबेल: दोन्ही हातांनी डोकं पिळून बघा. हलत असेल तर ते डोक्यावर घेऊ नका.

५. रॅक: स्क्वॉटसाठी आडवे सुरक्षा दांडे आहेत का, बारच्या टोकांना लावायच्या क्लिपा किती आहेत. वीस जणांत दोनच क्लिपा असतील तर बाकीचे क्लिपेविना वजन उचलतायत, इतका साधा हिशेब.

*बाहेर पडायची वाट.* पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या जिममध्ये एकच अरुंद जिना आणि जिन्यातच चपलांचा ढीग असतो. लाइट गेली तर जिन्यात उजेड कशाचा? आग विझवायचं सिलिंडर असेल तर त्यावरची मुदत वाचा.

*बायकांसाठी वेगळं:* "लेडीज बॅच आहे" एवढ्यावर थांबू नका. त्या वेळेत पूर्ण जिम मोकळी असते की फक्त वरची एक खोली, दोन सायकली आणि गुलाबी डंबेल? लेडी ट्रेनर रोज येते की फक्त जाहिरातीतल्या फोटोत आहे? बॅचच्या वेळेत पुरुष मेंबर "फक्त पाच मिनिटं" म्हणून आत येतात का? कॅमेरे कपडे बदलायच्या खोलीच्या दिशेनं नाहीत ना, आणि त्या खोलीला आतून कडी लागते ना? हे बघायला त्याच बॅचला जा आणि आधीपासून येणाऱ्या ताईंशी बोला. त्या दोन मिनिटांत सगळं सांगतात.

टप्पा ४: ट्रेनरची परीक्षा

दंड बघून ट्रेनर निवडू नका. स्वतःचं शरीर कमावणं आणि चाळिशीच्या, गुडघा दुखणाऱ्या माणसाला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तीन प्रश्न विचारा.

"कुठे शिकलात?" बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी), पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोर्स, स्किल कौन्सिलचं फिटनेस ट्रेनरचं सर्टिफिकेट किंवा एखाद्या नावाजलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर बघायला मागा आणि मुदत वाचा. काही प्रमाणपत्रांचं ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तालमीत तयार झालेला, कागद नसलेला पण उत्तम शिकवणारा माणूसही असतो, म्हणून पुढचे दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे.

"मला हा त्रास आहे, काय टाळायचं?" ट्रेनरनं उलट प्रश्न विचारले पाहिजेत: कधीपासून, औषध कोणतं, डॉक्टर काय म्हणाले. काहीच न विचारता "काही नाही होत सर, आपण करून घेऊ" म्हणाला तर पुढच्या जिमकडे वळा.

"इथे कुणी बेशुद्ध पडलं तर काय करता?" उत्तरात १०८ ला फोन आणि छातीवर दाब देणं, म्हणजे सीपीआर, एवढं तरी यायला हवं. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "आपल्याकडे तसं कधी झालं नाही." ते उत्तर नव्हे.

*इशारा:* ट्रेनर काउंटरखालून गोळ्या किंवा इंजेक्शन काढत असेल तर त्याच क्षणी बाहेर पडा. स्टेरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची गोष्ट नाही. मेफेंटरमाइन हे तर उतरलेला रक्तदाब वर आणायला दवाखान्यात वापरायचं इंजेक्शन आहे. ते "पंप येतो", म्हणजे स्नायू फुगतात, म्हणून पोरांना टोचलं जातं आणि हृदयाशी खेळ होतो. प्रोटीनचा डबा घ्यायचाच असेल तर त्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा परवान्याचा) नंबर, सील आणि खरेदीचं बिल बघा. डबा जिममधूनच घ्यायची सक्ती असेल तर फी स्वस्त का होती, ते समजून जा.

डाएट चार्टबद्दल एकच: त्यात ब्रोकोली आणि अ‍ॅव्होकॅडो असेल आणि ज्वारीची भाकरी, मटकी, अंडी यांचा पत्ता नसेल, तर तो चार्ट कुठून तरी उतरवलेला आहे.

टप्पा ५: ट्रायल

एक दिवसाचं ट्रायल म्हणजे लग्नासाठी मुलगी बघायला जाणं, सगळे नटूनथटून असतात. तीन दिवस मागा. फुकट देत नसतील तर आठवड्याचे किंवा एका महिन्याचे पैसे भरा. तेही नाही म्हणाले तर यादीत अजून दोन नावं आहेत.

तिन्ही दिवस आपल्याच वेळेला जा. पहिल्या दिवशी ट्रेनर तुमच्यामागे असेलच. तिसऱ्या दिवशी तो तुमच्याकडे बघतो का, ते बघा. पाठ वाकवून वजन उचलणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मेंबरला तो थांबवतो का, तेही बघा.

*तपासा:* ट्रायलनंतर घरी येऊन स्वतःला विचारा, उद्या परत जावंसं वाटतंय का? गाणी कानठळ्या बसवत असतील, वातावरण पटत नसेल, तर चांगल्या मशिनी असूनही पाय उचलत नाही. हे कारण किरकोळ समजू नका.

टप्पा ६: आता पैसे, पण कागदासह

आधी साधा हिशेब. समजा महिन्याची फी १,००० आणि वर्षाची ७,०००. म्हणजे वर्षाची फी परवडायला पूर्ण सात महिने यावं लागेल. आतापर्यंत सलग किती महिने कुठल्या जिमला गेलात? उत्तर तीन असेल तर तीन महिन्यांचं पॅकेज घ्या, जरी महिन्याला थोडं महाग पडलं तरी. जिम नुकतीच उघडली असेल तर पहिल्यांदा तीन महिन्यांच्या वर देऊच नका. मालक म्हणेल, "ऑफर आजच संपते." ऑफर पाडव्याला संपते, अक्षय तृतीयेला परत येते, मग दसऱ्याला, मग दिवाळीला.

पैसे देण्याआधी हे लेखी घ्या. छापील फॉर्म नसेल तर साध्या कागदावर सही-शिक्क्यासह.

मेंबरशिप कधीपासून कधीपर्यंत. अ‍ॅडमिशन फी वेगळी आहे का. पर्सनल ट्रेनिंगचे पैसे वेगळे का, आणि ते न घेतल्यास जनरल ट्रेनर शिकवणार की नाही. आजारपण, परीक्षा किंवा बाहेरगावच्या कामासाठी मेंबरशिप किती दिवस थांबवता येते. घर बदललं तर दुसऱ्याच्या नावावर करता येते का. जिम हलली किंवा बंद झाली तर उरलेले पैसे कसे मिळणार. थांबवण्याची सोय तोंडी सगळेच देतात. मे महिन्यात गावाला जाऊन आल्यावर ती कुणाला आठवत नाही.

जीएसटी लावला असेल तर पावती वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. अजून १८ लावत असतील तर विचारा. पावतीवर १५ अक्षरी जीएसटी नंबर हवा, महाराष्ट्राचा असेल तर तो २७ ने सुरू होतो. नंबर नसलेली छोटी जिम जीएसटी घेऊ शकत नाही.

रोख देऊ नका. यूपीआय करा आणि ते मालकाच्या किंवा जिमच्या नावाच्या खात्यावर गेलं का बघा, ट्रेनरच्या भावाच्या नाही. ऑटोपे लावला असेल तर तो तुमच्या यूपीआय अ‍ॅपमधूनच बंद करता येतो. कुठे बंद होतो ते लावतानाच बघून ठेवा.

*तपासा:* पावतीवर रक्कम, तारीख, मुदत, जिमचं नाव-पत्ता आणि सही. घरी जायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा.

टप्पा ७: पहिला महिना

पहिल्याच दिवशी छाप पाडायला ट्रेनर शंभर बैठका मारून घेतो आणि नवा मेंबर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडतो. एक-दोन दिवस अंग दुखणं नेहमीचं आहे. पण स्नायू सुजले, हात सरळ होईना किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर "जाईल आपोआप" म्हणू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फाटून त्यातले घटक रक्तात उतरले की मूत्रपिंडावर ताण येतो. हे टाळायला पहिले दोन आठवडे ट्रेनर सांगेल त्याच्या निम्मंच करा.

सोबत पाण्याची बाटली, वेगळे बूट आणि टॉवेल. टॉवेलच्या गावात राहून बेंचवर घामाचं तळं सोडून जाणारे कमी नाहीत.

महिनाअखेरीस किती दिवस गेलात ते मोजा. बारापेक्षा कमी असतील तर कारण लिहा. वेळेचं कारण असेल तर बॅच बदला, पुढचं पॅकेज वाढवू नका.

शटर बंद झालं किंवा सेवा मिळेना तर

आधी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा: पावती क्रमांक, किती दिवस शिल्लक, किती पैसे परत हवेत. फोनवरचं बोलणं पुढे कामाला येत नाही. बंद शटरचा तारखेसह फोटो काढा आणि इतर मेंबरांचे नंबर घ्या, कारण एकट्यापेक्षा दहा जणांच्या तक्रारीला वजन असतं. "फी परत मिळणार नाही" असं पावतीवर छापलंय म्हणून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणंही. परताव्याची मुदत पावतीवर लिहिलेली नसेल तर ती ३० दिवस धरली जाते.

दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी ५ लाखांपर्यंत पैसे मोजलेल्या प्रकरणात तिथे फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. माझी मुदत गेली आणि पावतीही नव्हती. त्याच जिमच्या एका मेंबरनं यूपीआयनं पैसे भरले होते आणि स्क्रीनशॉट जपून ठेवला होता. त्यानं तोच लावून १९१५ वर तक्रार टाकली आणि तीन आठवड्यांत मालकाचा त्याला स्वतःहून फोन आला.